शाब्ली नावाचं गाव

गेल्या वर्षी तीन महिने पॅरिसला ऑनसाईट होतो. पहिल्याच आठवड्यात क्लायंटच्या टीमने जेवायला नेलं आणि "आज पाहुण्याने निवडायचं" म्हणून वाइनची यादी माझ्या हातात दिली. यादीतलं एक नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. त्यावर बोट ठेवून मी ठणकावून म्हणालो, "चॅब्लिस!" टेबलावर दोन सेकंद शांतता. मग वेटर अतिशय अदबीने म्हणाला, "शाब्ली. उत्तम." फ्रेंच लोक अक्षरं हौसेने लिहितात आणि बोलताना निम्मी गिळतात, हे मला तेव्हा कळायचं होतं.

वाइनमधलं मला काडीचं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दिवशीची चव लक्षात राहिली. फिकट रंग, किंचित हिरवट झाक. गोडवा शून्य. ड्राय वाइन म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबून तिचं अल्कोहोल झालेली, एवढं ऐकून माहीत होतं, पण ही त्याही पुढची कोरडी. कैरीच्या फोडीसारखी आंबट धार आणि मागे ओल्या दगडासारखा काहीतरी वास. आमचा तिथला टीम लीड म्हणाला, "बरोबर आहे. त्या जमिनीत शिंपले आहेत." मला वाटलं, चढली याला.

शनिवारी वेळ होता, जाल चाळायला बसलो आणि त्याचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. शिवाय आणखी एक गोष्ट कळली. आज जगभर पोचलेल्या या वाइनच्या गावात 1950 च्या दशकात जेमतेम 500 हेक्टर बाग उरली होती. म्हणजे बाराशे-सव्वाबाराशे एकर. आमच्याकडच्या दोन-तीन गावांची द्राक्षं एकत्र केली तर एवढी भरतील!

इथे मला मामा आठवला. मामा निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. राज्य सरकारचं 2001 चं वाइन धोरण आल्यावर नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची लाट आली, तेव्हा मामानेही दोन एकर शेनिन ब्लां लावली. एका वायनरीशी करार होता. 2009-10 च्या सुमारास वाइनचा बाजार बसला, टाक्या भरलेल्या, वायनरीने माल उचलला नाही. त्या भागातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा बागा तोडल्या, मामानेही तोडली. मी सातवीत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तर बांधावर वेलींच्या खोडांचा ढीग पडलेला आणि मामी त्यातलंच एकेक चुलीला लावत होती. मामा नुसता म्हणाला, "जळायला बरी आहेत."

तर प्रश्न असा पडला की शाब्लीवाल्यांनी ते शेवटचे 500 हेक्टर का तोडले नाहीत? आणि न तोडता त्यांनी नेमकं केलं काय? म्हटलं, जाऊनच बघू.

शाब्लीला जायचं तर पॅरिसहून आधी ओसेर गाठायचं आणि ओसेरची गाडी सुटते बेर्सी स्टेशनातून. हा योगायोग मला फार आवडला. बेर्सी म्हणजे एकेकाळी जगातला सर्वांत मोठा वाइनचा बाजार. 1860 पर्यंत ते पॅरिसच्या हद्दीबाहेर होतं, त्यामुळे शहराची जकात चुकवून तिथे माल साठवता यायचा. (जकात नाक्याच्या अलीकडे गोडाऊन, ही आयडिया आपल्याकडचीच आहे असं मी समजत होतो.) सेन नदीच्या काठाला पिंपं उतरायची आणि वखारीत जायची. त्यातल्या काही दगडी वखारी अजून उभ्या आहेत, आता त्यांत दुकानं आणि रेस्टॉरंटं आहेत.

या बाजारात शाब्लीचा माल यायचा पाण्यावरून. गावातून वाहणारी सरँ नदी छोटी, तिच्यावर मोठी होडी चालत नाही. म्हणून पिंपं बैल-घोड्यांच्या गाड्यांवर लादून 20 किलोमीटरवरच्या ओसेरला न्यायची, तिथे योन नदीत होड्यांवर चढवायची. योन पुढे सेनला मिळते. सेन पॅरिसवरून रुआँला आणि तिथून समुद्राला. म्हणजे शाब्ली ते लंडन असा थेट जलमार्गच. बरगंडीतल्या बाकीच्या नामांकित गावांना ही सोय नव्हती. बरगंडीची वाइनची राजधानी म्हणजे बोन, ते शाब्लीहून शे-सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला. नकाशात शाब्ली बरगंडीत असलं, तरी ते बोनपेक्षा शँपेनच्या प्रदेशाला जवळ आहे. थोडक्यात उत्तरेकडच्या टोकावरचं, थंडीच्या तोंडचं गाव. हे थंडीचं प्रकरण पुढे येणार आहे.

सुरुवात बहुतेक युरोपीय वाइनसारखी मठातून होते. नवव्या शतकात व्हायकिंग टोळ्या नद्यांवरून आत घुसत होत्या. तूर गावचे साधू आपल्या संत मार्टिनच्या अस्थी घेऊन पळाले आणि 867 मध्ये राजा चार्ल्स (ज्याला इतिहासात 'टकला' म्हणतात!) याने त्यांना शाब्लीतला मठ देऊन टाकला. पुढे 1114 मध्ये जवळच पोंतिन्यीला सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला. हे लोक म्हणजे मध्ययुगातले प्रोसेस इंजिनियर. कुठल्या उतारावर कुठली वेल, कुठल्या तुकड्याची वाइन वेगळी लागते, याच्या नोंदी ठेवणारे. प्रार्थना करायची आणि राबायचं, एवढाच दिनक्रम. शाब्लीच्या उतारांवर शिस्तीत वेली लावण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांना जातं. आज शाब्ली फक्त एकाच द्राक्षापासून होते, शार्दने. दुसरं द्राक्ष वापरलं की ती शाब्ली नाही.

आता ते शिंपले. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. तळाशी चिखल आणि त्यात बोटाच्या पेरापेक्षाही लहान, स्वल्पविरामासारखे वळलेले कालवांचे शिंपले. त्यांचाच हा चुनखडी आणि मातीचा थर झाला. भूगर्भशास्त्रात त्याला किमरिजियन म्हणतात. नाव आलंय इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून, कारण तोच थर खाली-वर होत तिथपर्यंत जातो. मी गावामागच्या टेकडीवर चढलो आणि बांधावरचा एक दगड उचलला. खरंच शिंपल्यांनी भरलेला, चिक्कीत शेंगदाणे दिसावेत तसा. मात्र शिंपल्यांची चव थेट वाइनमध्ये उतरते वगैरे काही नाही. मुळं काही शिंपले चाखत नाहीत. ही जमीन पाण्याचा निचरा कसा करते, ओल किती धरते आणि हवा किती थंड आहे, याचा परिणाम द्राक्षातल्या आंबटपणावर होतो. पण "शिंपल्यांच्या जमिनीतली वाइन, शिंपल्यांबरोबर प्या" हे सांगायला छान वाटतं, आणि पॅरिसवाले कालवांबरोबर ती पितातही.

या टेकडीवरच्या नैऋत्येकडे तोंड केलेल्या सुमारे 100 हेक्टरच्या उताराला सर्वांत वरचा दर्जा, ग्राँ क्रू. त्याचे सात तुकडे: ब्लांशो, बुग्रो, ले क्लो, ग्रनुई, प्रूज, वाल्म्यूर, वोदेझीर. ग्रनुई म्हणजे बेडूक. नदीच्या जवळचा तुकडा आहे, त्यामुळे नाव पटतं. त्याखालोखाल प्रमिए क्रू, मग साधी शाब्ली आणि शेवटी पती शाब्ली, म्हणजे छोटी शाब्ली. बाटलीवर यातलं काय लिहायचं, हे त्या वेली कुठल्या तुकड्यात उभ्या आहेत यावरून ठरतं.

एकोणिसाव्या शतकात हा सगळा भाग जोरात होता. योन जिल्ह्यात सुमारे 40,000 हेक्टर द्राक्षबागा होत्या. सगळं काही उंची नव्हतं, बराचसा माल पॅरिसच्या कामगारांच्या गुत्त्यांवर जाणारा साधा. पण गिऱ्हाईक पक्कं होतं आणि नदीमार्गामुळे स्पर्धा नव्हती.

मग रेल्वे आली. 1850 च्या दशकात पॅरिस ते मार्सेय लोहमार्ग जोडला गेला आणि दक्षिणेतली, भरपूर उन्हात पिकणारी स्वस्त वाइन दोन-तीन दिवसांत पॅरिसला पोचू लागली. ज्या एका सोयीवर योनचा धंदा उभा होता, तीच निकामी झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. त्यावर रोगांची रांग लागली. आधी भुरी, मग 1880 च्या दशकात डाऊनी, आणि त्या दशकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा. हा अमेरिकेतून आलेला मुळं शोषणारा बारीक किडा. त्याने अख्ख्या फ्रान्सची द्राक्षशेती आडवी केली. उपायही अमेरिकेतूनच आला: अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. (मामाच्या बागेत आज डॉगरिजचा खुंट आहे, तोही मूळ अमेरिकन. आमच्याकडे कारण वेगळं, खारं आणि कमी पाणी, पण युक्ती तीच.) मात्र कलमं करून नवी बाग उभी करायला पैसा लागतो, आणि तोट्यातल्या धंद्यात कोण घालणार? बहुतेकांनी गहू नाहीतर गुरं धरली. त्यानंतर पहिलं महायुद्ध. खेड्यापाड्यांतली तरुण मुलं गेली ती गेलीच.

गंमत बघा. गाव असं आटत होतं तेव्हा नाव मात्र फुगत होतं. आधी पॅरिसचे व्यापारी आसपासच्या कुठल्याही पांढऱ्या वाइनला शाब्ली म्हणायचे. मग हे लोण समुद्रापार गेलं. कॅलिफोर्नियात मोठाल्या जगमध्ये भरलेली 'शाब्ली' विकली जाऊ लागली. तिच्यात शार्दने असेलच असं नाही, आणि कोरडी असेलच असंही नाही. 1960 च्या दशकात तर तिथे 'गुलाबी शाब्ली'सुद्धा निघाली! ऑस्ट्रेलियातही तेच. अमेरिकेतल्या माणसासाठी शाब्ली म्हणजे गाव नव्हतं, नुसती 'पांढरी, स्वस्त वाइन' एवढाच अर्थ. मुंबईच्या बाजारात कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून खपतो तेव्हा रत्नागिरीवाल्याचं जे होतं, तेच यांचं झालं. फरक एवढाच की इथे नकलेचा माल अस्सलच्या कित्येक पट.

मला वाटतं, शाब्ली वाचलं ते दोन गोष्टींनी. एक कागदावरची आणि एक शेतातली.

कागदावरची म्हणजे हद्द. 1923 मध्ये शेतकऱ्यांनी ला शाब्लिझियेन ही सहकारी संस्था काढली, एकत्र वाइन करायची आणि विकायची. मग 13 जानेवारी 1938 ला शाब्लीला अपेलासियाँ मिळालं, म्हणजे कायद्याने आखलेली हद्द. कुठल्या गावांच्या कुठल्या जमिनीत, कुठलं द्राक्ष, एवढं सगळं ठरलं. यामुळे माल लगेच खपायला लागला असं मुळीच नाही, 500 हेक्टरचा तळ त्यानंतरचाच आहे. पण निदान फ्रान्समध्ये तरी नाव गावाच्या मालकीचं झालं. परदेशात त्याला फार उशीर लागला. ऑस्ट्रेलियाने युरोपशी केलेला करार 2010 मध्ये लागू झाला, त्यानंतर तिथलं नाव गेलं. अमेरिकेने 2006 च्या करारात नव्या लेबलांना बंदी केली, जुन्यांना मात्र सूट दिली.

शेतातली गोष्ट म्हणजे थंडी. मार्चच्या शेवटी, एप्रिलमध्ये वेलींना कोवळे डोळे फुटतात आणि नेमकी तेव्हाच एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली जातो. दव गोठतं. उणे दोन-तीन अंश आणि काही तास, झालं. सकाळी कोंब काळे. 1945 मध्ये जवळजवळ सगळं पीक असं गेलं, 1957 मध्ये पुन्हा मोठा फटका. वर्षभराची कमाई एका पहाटेत जाऊ शकते म्हटल्यावर कुठला मुलगा बापाची बाग पुढे चालवेल? हद्द आखून याचं उत्तर मिळत नव्हतं.

म्हणून 1950 च्या दशकाच्या शेवटी वेलींच्या ओळींत तेलाच्या शेगड्या आल्या. रात्रभर जागायचं, थर्मामीटर बघायचं, शेगड्या पेटवत आणि भरत राहायचं. त्यानंतर आला पाण्याचा फवारा, आणि हा प्रकार ऐकून मी उडालोच. गोठवणाऱ्या थंडीत ते वेलींवर पाणी मारतात! शाळेत विलयनाचा अप्रकट उष्मा शिकलो होतो, 80 कॅलरी प्रति ग्रॅम. परीक्षेत गणित सोडवलं आणि विसरलो. पाण्याचा बर्फ होताना तेवढी उष्णता बाहेर पडते. कोंबाभोवती बर्फाचं कवच तयार होतं आणि आतला कोंब शून्याच्या आसपास टिकून राहतो. अट एकच, ऊन येऊन बर्फ सुटेपर्यंत पाणी क्षणभरही थांबता कामा नये. पंप मध्येच बंद पडला तर ओल्या कोंबाचं बाष्पीभवन होऊन तो आणखी गार होतो, म्हणजे काहीच न करण्यापेक्षा वाईट. शेजारच्या बेन गावाजवळ याच पाण्यासाठी एक मोठं तळं बांधलंय. मी एप्रिलमध्येच गेलो होतो. उतारावर ओळींमधून तुषारांचे पाईप उभे होते आणि काही बांधांवर मेणाचे मोठे डबे रचून ठेवले होते. तेलाच्या शेगड्यांच्या जागी आता पुष्कळ जण या मेणबत्त्या वापरतात, हेक्टरी शेकडो.

जोखीम आटोक्यात आली तशी माणसं परतली. वेली पुन्हा टेकड्यांवर चढू लागल्या आणि लगेच भांडणही सुरू झालं, नाहीतर ती माणसं कसली! 1970 च्या दशकात वाद असा की शाब्ली हे नाव फक्त शिंपल्यांच्या किमरिजियन जमिनीलाच द्यायचं, की शेजारच्या, थोड्या नंतरच्या काळातल्या चुनखडीलाही? विल्यम फेव्र यांचा वाढीला विरोध, जाँ द्युरूप वाढीच्या बाजूने. दोघेही मोठे उत्पादक. अखेर हद्द वाढली. आज शाब्लीच्या चारही दर्जांची मिळून साडेपाच हजारांहून जास्त हेक्टर बाग आहे, म्हणजे त्या तळाच्या दहापट. काही जाणकार म्हणतात की नाव पातळ झालं. पण 500 हेक्टर शुद्ध ठेवून म्यूझियम करायचं, की दहापट वाढवून गाव जिवंत ठेवायचं? मला तरी फेव्रचं म्हणणं तात्त्विकदृष्ट्या पटतं आणि द्युरूपची बाजू घ्यावीशी वाटते. मामाचा भाचा आहे ना.

एवढं करूनही खेळ संपलेला नाही. 2021 मध्ये मार्चच्या शेवटी विक्रमी ऊब पडली, डोळे लवकर फुटले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फ्रान्सभर फ्रॉस्ट आला. शाब्लीत रात्रीमागून रात्री टेकड्या मेणबत्त्यांनी उजळल्या होत्या. फोटो बघितले तर दिवाळीच वाटते. ज्याचं शेत आहे त्याला काय वाटत असेल ते वेगळं. तरीही त्या वर्षी पुष्कळ पीक गेलं. हवामान तापतंय म्हणून थंड प्रदेशाचं बरं होईल, असं सरळ गणित नाही. वेल लवकर जागी होते आणि थंडीच्या तावडीत सापडते.

परतताना गाडीतून मामाला फोन लावला. मेणबत्त्यांचं, पाण्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं, चकित होईल. तो म्हणाला, "यात नवीन काय? डिसेंबरात पारा घसरला की आपण बागेत शेकोट्या करतो, पहाटे विहिरीचं गरम पाणी सोडतो. नाहीतर मणी तडकतात. तू लहान होतास, झोपलेला असायचास." खरंच की. निफाडची थंडी दर वर्षी पेपरात यायची आणि आम्ही गोधडीत.

मग मी हद्दीचं सांगितलं. म्हटलं, मामा, आपल्या नाशिक व्हॅली वाइनलासुद्धा भौगोलिक मानांकन मिळालंय, 2010-11 च्या सुमारासच. म्हणजे नेमकं मामाने बाग तोडली त्याच काळात. मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कागद चांगलाच आहे रे. पण गारपिटीत कागद पांघरता येतो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाब्लीलाही नुसत्या कागदाने वाचवलं नव्हतं. 1938 च्या कायद्यानंतर माणसं परतायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि ती परतली ती शेगड्या, पंप, तळं आणि सोबतीला सोसायटी आल्यावर. पण उलटही खरं आहे. नावच सांभाळलं नसतं तर रात्र-रात्र जागून ते वाचवत तरी काय होते? कॅलिफोर्नियात जगमध्ये मिळणारी वस्तू? त्या 500 हेक्टरवाल्यांना हे सगळं कळलं होतं की नुसता हट्ट होता, कोण जाणे. माझा अंदाज, बराचसा हट्टच.

असो. शाब्लीतला तो शिंपल्यांचा दगड मी खिशात घालून आणला. सध्या हापिसात मॉनिटरखाली असतो. दिवाळीत निफाडला जाणार आहे तेव्हा मामाला देईन. तो चुलीत नक्की घालणार नाही, जळत नाही ना.